आरशातला हात

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे ‘तिखटमीठ’ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा चालू झाला की त्याची जीभही चालू व्हायची, आणि दाढी उरकेपर्यंत शेजाऱ्याच्या साध्या शिंकेचा न्यूमोनिया झालेला असायचा. त्यामुळे त्याच्या धाकट्या भावाला पुन्हा फिट आली आणि डॉक्टरीणबाईंनी, “नेमकं काय पाहिलंत?” असं त्यालाच विचारलं, तेव्हा त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला.

“अर्धा तास थडथडत होता हो!”

“तेव्हा कुणाची दाढी चालली होती?”

“मास्तरांची.”

“हा शांत झाला तेव्हा मास्तरांच्या गालावरचा साबण वाळला होता?”

तिखटमीठने आठवून पाहिलं. “ओला होता.”

“मग दोन-तीन मिनिटंच.”

बाई तिथे नव्हत्या, तरी आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त दिसलं, याचं त्याला भारी नवल वाटलं. सलूनमधल्या बाकीच्यांचं तर विचारूच नका. एक म्हणे डोळे मिटलेले, दुसरा म्हणे सताड उघडे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण धाकटा बाकावरून धाडकन पडला तेव्हा कुठे त्यांनी पेपरातून माना वर काढल्या होत्या. सुरुवात पाहिली होती एकट्या तिखटमीठने.

“आधी डावा हात उडाला,” तो म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. “मेंदूच्या फोटोत डाग डावीकडे आहे, आणि डावा मेंदू चालवतो उजवा हात. तुमचं खरं असेल तर ऑपरेशनचं पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल.”

धाकट्याचा चेहरा उतरला. सगळी औषधं करून झाली होती. वर्षभर त्याने वस्तरा हातात धरला नव्हता; बाकावर बसून नुसत्या टॉवेलांच्या घड्या घालत होता.

दुसऱ्या दिवशी साबण फेसता फेसता तिखटमीठला आठवलं, त्या उडणाऱ्या हातावर ऊन होतं. तो जाऊन धाकट्याच्या जागी बाकावर बसला. खिडकी उजवीकडे होती! पण फिट आली तेव्हा दाढी करताना त्याची स्वतःची बाकाकडे पाठ होती. त्याने पाहिला तो आरशातला धाकटा, आणि समोर बसलेल्या माणसाचा धरावा तसा त्याचा उजवा हात डावा धरला.

अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून तो दवाखान्यात धावला. “बाई, चुकलो. उजवा हात. आरशाने घात केला.”

“लोक येतात ते आपलंच खरं म्हणून सांगायला,” बाई म्हणाल्या. “चुकलो म्हणून परत आलेले तुम्ही पहिलेच.”

मग डोक्याला तारा लावून तपासणी झाली. तिनेही डावीकडेच बोट दाखवलं.

ऑपरेशनच्या सकाळी भावाच्या डोक्यावरून थोरल्याने स्वतःच वस्तरा फिरवला. हजारो डोकी त्याच्या हाताखालून गेली होती, पण त्या दिवशी हे एक डोकं हातात धरताना त्याला धडकी भरली.

“म्हणजे आतसुद्धा आरसाच बसवलाय की रे!” तो पुटपुटला.

“दादा, हात उजवाच ना? नक्की?”

“उजवाच,” तिखटमीठ म्हणाला, आणि पुढे एक शब्दही जोडला नाही.