कुंकवाचं बोट आणि गंजाचा डाग

धाकट्या मालकाचं वाटोळं व्हावं असं मी सलग सात महिने रोज मनात म्हटलं. देवापुढं नाही म्हटलं, देवाकडं असलं मागायचं नसतं. चहा गाळताना म्हटलं, धुणं पिळताना म्हटलं. आणि संधी दारात चालून आली तेव्हा नुसती म्हणत बसले नाही. आधीच सांगून ठेवते, मी हे माफी मागायला लिहीत नाही. निदान त्याची तरी नाहीच.

इचलकरंजीत मी सव्वीस वर्षं मेंडिंगचं काम केलं. मागावरून उतरलेला कापडाचा तागा आमच्या टेबलावर यायचा. टेबलाला वर काच, काचेखाली ट्यूब. काचेवरून कापड ओढत आम्ही तिघी बायका त्यातले दोष शोधायचो. गाठ असली तर चिमट्यानं काढायची, धागा तुटला असला तर सुईनं ओवायचा, आणि दुरुस्त होण्यासारखं नसलं तर चिठ्ठी लावून तागा बाजूला ठेवायचा. निम्मं काम डोळ्यांचं, निम्मं बोटांचं. नुसतं बोट फिरवलं की हे कापड कुठल्या मागावरचं आहे ते मला सांगता यायचं. बढाई वाटेल, वाटू दे. माग दुरुस्त करणारा जॉबर आधी आमच्या टेबलाशी येऊन विचारायचा आणि मग पाना उचलायचा.

आमच्या शेडमध्ये एक पद्धत होती. उभ्या धाग्यांचा नवा बीम मागावर चढला की विणणारा माणूस अगरबत्ती लावायचा आणि कापडाचा पहिला वीतभर भाग विणून झाला की त्यावर हळदकुंकवाचं बोट टेकवायचा. मग तो इथला असो नाहीतर बिहारचा. ते बोट आमच्या टेबलावर आलं की आम्ही त्याला दोष धरत नव्हतो. चिठ्ठी नाही, काही नाही. पुढं कापड प्रोसेसला, म्हणजे धुवायला-रंगवायला गेलं की ते निघून जायचं. थोरल्या मालकांनाही ठाऊक होतं. ते स्वतः उभे राहून नारळ फोडायचे.

थोरले गुडघ्यांनी घरी बसले आणि धाकटे आले. पुण्याला शिकलेले, चांगले उंचपुरे, बोलणं गोड. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "मी दाखवतो की तुमाला सगळं मेंडिंग." आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. हे सद्गृहस्थ सगळ्यांसमोर हसले. "मावशी, तुम्ही बाई आहात की बुवा?" सोबत आलेले दोघे इंजिनिअर पण हसले. तिथंच पहिली ठिणगी पडली म्हणा.

जुने माग भंगारात गेले. हवेच्या दाबानं धागा फेकणारे नवे माग आले. त्यांच्यामागून आमच्या खात्यात कॅमेऱ्याचं मशीन आलं. कापड त्याच्यावरून पळायचं, कॅमेरा बघायचा आणि दोष दिसला की पडद्यावर चौकोन उमटायचा. फक्त मशीनला अजून काही कळत नव्हतं. त्याला शिकवायचं होतं. धाकट्या मालकांनी आम्हा तिघींना केबिनमध्ये बोलावून, चहा देऊन सांगितलं, "तुमच्याएवढं कापड कुणाला कळत नाही. दोन महिने पडद्यावरचे फोटो बघायचे आणि सांगायचं, हा दोष, हा दोष नाही. नंतर मशीनसमोर एक माणूस लागणारच आहे. ती खुर्ची मावशी, तुमचीच."

मला ती खुर्ची हवी होती. का खोटं बोलू? सव्वीस वर्षं उभं राहून पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या. नवऱ्याचे कान मागाच्या खडखडाटानं गेलेले, त्याला कुणी कामावर ठेवत नव्हतं. घरात कमावणारी मी एकटी. आणि नुसतं तेवढंच नाही. मला वाटायचं, आपण दहावी पास आहोत, आपल्याला जमेल. मी पडद्यावरची बटणं वहीत लिहून काढली, घरी पाठ केली. नवरा म्हणायचा, परीक्षा हाय व्हय तुझी? मी म्हणायची, व्हय.

दोन महिने आम्ही जीव तोडून शिकवलं. गाठ, जाळं, तेलाचा डाग, पातळ धागा. तांबडा ठिपका आला की तिघी एका सुरात म्हणायचो, "दोष न्हाय. कुंकू हाय." इंजिनिअर पोरगा 'ठीक' वर बोट टेकवायचा. त्यात आमच्यापैकी कुणाच्याच मनात काळंबेरं नव्हतं. सवयच तशी होती. कुंकवाला दोष म्हणायला जीभ वळलीच नसती.

दोन महिने झाल्यावर एका शनिवारी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. आम्हाला शाल दिली आणि नारळ दिला. नारळ देणं म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. धाकटे मालक माइकवर म्हणाले, "या तिघींचं ज्ञान आता मशीनमध्ये कायमचं राहणार आहे. आता त्यांनी विश्रांती घ्यावी." टाळ्या झाल्या. मी नारळ हातात धरून विचारलं, "आणि खुर्ची?" ते हसले, तेच पहिल्या दिवशीचं हसणं. "मावशी, त्याला कोर्स केलेलं माणूस लागतं."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. माझ्या बोटातलं काढून घेतलं आणि वर मलाच सांगतो, कोर्स लागतो. तो नारळ मी घरी आणला नाही. वाटेत गटारात टाकला, शाल पुसायला ठेवली.

खुर्चीवर आली आमच्या मागच्या गल्लीतली पोर. बावीस वर्षांची. तिच्या बापाचे चार माग किलोवर विकले गेले होते, त्या धक्क्यानं तो बोलायचाच बंद झाला होता. पोरीनं सकाळी शेवया वळून, दुपारी कॉम्प्युटरचा कोर्स करून स्वतःला तयार केलं होतं. घरी कानडी बोलायची, मला अक्का म्हणायची. तिच्यावर माझा राग नव्हता. पण ती डबा घेऊन त्या दिशेनं जाताना दिसली की मी दार लावून घ्यायची. मी तोवर एका कपड्याच्या कारखान्यात शर्टाचे दोरे कापायला लागले होते. दिवसभर कात्री. बोटांना कसलीच अक्कल लागायची नाही.

सात महिने झाले तेव्हा एका रविवारी ती पोर घरी आली. हातात मोबाइल. "अक्का, मशीन हे ठीक म्हणून सोडतंय, पर मला शंका येत्या. तुमी बगा की जरा."

फोटो बघितला आणि मला क्षणही लागला नाही. गंज होता तो. कुंकू धाग्याच्या अंगावर बसतं, भुरभुरीत दिसतं. गंज धाग्यात मुरतो आणि त्याला कड येते, वाळलेल्या चहाच्या डागाला येते तशी. नव्या मागांच्या हवेच्या पाइपात पाणी साठत असणार आणि त्यातून तांबडे शिंतोडे उडत असणार, हेही मी बसल्या जागी ओळखलं. आणि असलं कापड प्रोसेसला गेलं तर काय होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. गंज असेल तिथं भोक पडतं. अख्खा तागा चिंधीत जातो.

"किती ठिकाणी हाय?" मी विचारलं.

"एका ताग्यात धा-बारा तर असतील."

धा-बारा ठिकाणी कुणी कुंकू लावतं का? पोरीला कापडाची पद्धत माहीत नव्हती, तिला पडदा माहीत होता. माझ्या डोळ्यांसमोर तो माइक आला, ते हसणं आलं. ज्ञान मशीनमध्ये कायमचं राहणार म्हणालास ना, मग खा आता.

"कुंकू हाय ते," मी म्हटलं. "नवीन माग हायत, लोकं जास्त पूजा करत असतील. सोड तू बिनधास्त."

तिचा चेहरा इतका मोकळा झाला. चहा पिऊन गेली.

तीन आठवड्यांनी माल परत आला. आमच्या जुन्या दिवाणजींनी मला भाजी मंडईत गाठून सांगितलं. थोरल्या मालकांच्या वेळेपासून तेच हिशेब बघायचे आणि त्यांनाही धाकटा खुपायचाच. म्हणाले, कापड चाळणीसारखं झालंय, व्यापाऱ्यानं पुढची सगळी ऑर्डर तोडली, धाकटे दोन दिवस केबिनच्या बाहेर आलेले नाहीत. मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. त्या दिवशी मी घरी पुरणपोळी केली. नवऱ्यानं विचारलं आज कुठला सण? मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "जिरली त्याची." त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

पुढच्या बाजाराला दिवाणजी पुन्हा भेटले आणि म्हणाले, पोरीला काढलं. मशीनला तर बोल लावता येत नाही, मग कुणाला तरी लावायला पाहिजे होता. धाकट्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं की शंका आली होती तर कुणाला विचारलंस का. ती म्हणाली, न्हाय, माझं मीच ठरवलं. माझं नाव तिनं घेतलं नाही. म्हातारीची चूक झाली असेल, तिला कशाला यात ओढा, असं तिला वाटलं असणार. माझ्या हातातली मेथीची जुडी तिथंच मंडईत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दोरे कापायला गेले नाही. सरळ केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, "त्या पोरीची चूक न्हाय. तिनं मला फोटो दाखवलता. गंज हाय हे मला ठावं हुतं. मी मुद्दाम कुंकू म्हणून सांगितलं. मला पोलिसांत द्या न्हायतर काय बी करा, पर तिला परत घ्या."

मला वाटलं होतं हा माणूस उठून अंगावर येईल. मी तयार होते. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. सात महिने साठवलेलं सगळं मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं.

ते पाण्याची बाटली उघडत म्हणाले, "बसा मावशी. ते आम्ही तेव्हाच दुरुस्त केलं. खराब ताग्याचे फोटो मशीनला दाखवले, एका दुपारात शिकलं ते. कुंकवाचं पण काढून टाकलं त्यातून. दुसरा व्यापारी पण मिळाला."

"आणि पोरगी?"

"खुर्चीच काढली. आता मला मोबाइलवर दिसतं सगळं." मग बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जाऊ दे."

जाऊ दे म्हणाला. मी त्याचं वाटोळं करायला निघाले होते आणि त्याला माझा राग करायलाही वेळ नव्हता. मी बाहेर आले तेव्हा शेडमध्ये हवेचे माग चालू होते आणि आमच्या काचेच्या टेबलावर कुणीतरी जेवणाचे डबे ठेवले होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पोर पुन्हा दारात. मला वाटलं, आता आली भांडायला, आणि भांडावं तिनं. पण ती हातात कापडाचे तुकडे घेऊन आली होती. "अक्का, कुठल्या तरी मोठ्या मिलमध्ये कापड तपासायची जागा हाय. मशीन बी पायजे आन् हात बी पायजे असं माणूस हवंय त्यास्नी. मशीन मला येतंय. हात तुमी शिकवा."

नाही कशी म्हणू? रोज दुपारी ती यायला लागली. खिडकीशी बसायची. मी तिचे डोळे मिटायला लावून बोटं कापडावरून फिरवायची. पोर हुशार. पंधरवड्यात गाठ आणि जाड धागा तिला बोटानं वेगळा सांगता यायला लागला. माझ्या बोटांना पुन्हा जीव आला, हे कबूल करायला पाहिजे. जाता-येता मला वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. तिची मुलाखत होऊ दे, मग सांगू.

परवा डागांचा धडा होता. मी दोन तुकडे पुढ्यात ठेवले. एकावर मी स्वतः कुंकवाचं बोट टेकवलेलं, दुसऱ्यावर ओला खिळा ठेवून पाडलेला गंज. तिला काही केल्या फरक सापडेना. मी चिडले. शिकवताना मी चिडतेच, आमच्या टेबलावर पण चिडायची. म्हटलं, "कड बग की त्याची. गंजाला कड असत्या, कुंकवाला नसत्या. हात लावायची बी गरज न्हाय त्याला. मला नुसत्या फोटोत कळतं."

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

तिनं दोन्ही तुकडे खाली ठेवले. मग हळूच म्हणाली, "फोटोत बी कळतंय व्हय, अक्का?"

"व्हय," मी म्हटलं.