गाडीखालचं तेल आणि शेजारचे काका

सकाळी सातच्या सुमाराला काका आमच्या गाडीपाशी येऊन उकिडवे बसत. खाली सांडलेल्या तेलात बोट बुडवत, ते अंगठ्याशी चोळत, नाकाशी नेत आणि मग माझ्याच भिंतीला पुसत. माझ्या खिडकीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणत, "आजही मुतली."

तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल. नसेल, तर तुम्ही नशीबवान आहात.

बालाघाटात आमची दोघांची घरं शेजारीशेजारी होती आणि मधला सिमेंटचा बोळ दोघांचा मिळून होता. मी लामत्याजवळच्या एका शाळेत मास्तर. रोजच्या जाण्यायेण्यासाठी जुनी गाडी घेतली आणि ती त्या बोळात उभी करू लागलो. काकांनी उभं आयुष्य भरवेलीच्या खाणीत, वर्कशॉपात डंपर दुरुस्त करण्यात घालवलं होतं. गळकं इंजिन रोज डोळ्यांसमोर उभं असणं त्यांना सहन होत नव्हतं, आणि मी त्याहून सहन होत नव्हतो.

"मास्तर, हे गाडी होय का तेलाची घानी?"

"दाखवली आहे गॅरेजला, काका."

"दाखवून का होते? पोरगी होय का दाखवाले?"

मी चिडत असे, कारण गॅरेजवाल्यांनी खरंच हात टेकले होते. इंजिनाच्या वरच्या झाकणाची पॅकिंग दोनदा बदलली. खाली तेल साठतं त्या चेंबरची बदलली, तिला गोंदासारखं काहीतरी फासलं. चार दिवस कोरडं जाई, पाचव्या दिवशी पुन्हा पोळीएवढा डाग. शेवटी मिस्त्री म्हणाला, "सर, इंजिन उतारना पड़ेगा." तेवढी माझी तयारी नव्हती. मी गाडीखाली पुठ्ठा टाकायला लागलो आणि गळती थांबली असं समजायला लागलो.

एका सकाळी पुठ्ठा तेलानं चिंब झाला होता. मी तो फेकला, दुसरा टाकायचा राहून गेला. गाडी काढून मी कोपऱ्यावर दूध घ्यायला गेलो. परतलो तर बोळात काकू पडल्या होत्या, बादली कलंडली होती आणि सगळीकडे पाणी झालं होतं. डावं मनगट विचित्र वाकलं होतं. काका त्यांना उठवत होते. शेजारपाजारचे धावून आले. कोणी विचारायच्या आत मीच बोललो, "पाण्यावरून घसरल्या वाटतं."

काकांनी काकूंची चप्पल उचलली. तिचा तळ पाहिला. तो काळा होता. मग माझ्याकडे पाहिलं आणि ते काकूंना दवाखान्यात घेऊन गेले.

ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीच्या जागेवर मोठे दगड ठेवलेले दिसले. मी ते हटवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दगड. सकाळचं "आजही मुतली" बंद झालं, आणि मला त्या शांततेची धास्ती वाटू लागली. गल्लीत मी मात्र सगळ्यांना पाण्याचीच गोष्ट सांगत राहिलो. सांगून सांगून ती मला जवळजवळ खरी वाटायला लागली होती.

महिनाभरानं, एका रविवारी, काका हातात पिशवी घेऊन आले. पिशवीत बोल्ट खोलायचे पाने होते.

"बोनेट उघडा."

"काका, राहू द्या, मी नेतो..."

"तुम्ही कुठीच नेत नाही. उघडा. आन् पावडर आना."

"कसली पावडर?"

"तोंडाले लावता ते."

बायकोचा पावडरचा डबा मी आणून दिला. काकांनी सगळं इंजिन रॉकेलनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि त्याच्यावर पावडर भुरभुरली. गाडी सुरू करायला लावली आणि आपण गोणपाट टाकून खाली शिरले. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग खालून आवाज आला.

"मास्तर, काय होतं ते?"

"कुठलं?"

"ज्याच्यावरून थे पडली."

इंजिन चालू होतं. ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. मी खाली वाकलो.

"तेल होतं, काका."

गाडीखालून त्यांचा हात बाहेर आला.

"हौ. दहाचा पाना द्या."

खालचे बोल्ट कसून ते बाहेर आले. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ उमटली होती. ती वरच्या झाकणाच्या कडेनं निघून मागच्या बाजूनं खाली उतरत होती. काकांनी चालू इंजिनावरचं तेल भरायचं बूच उघडलं, तसा भस्सकन धूर आला.

"पाहा. आतमदी हवा कोंडून राह्यली. वाट भेटन तिथून तेल ढकलते. तुम्ही पॅकिंगा बदलत बसले!"

हवा बाहेर सोडणारी नळी त्यांनी काढली. आत डांबरासारखी घाण बसली होती. सायकलच्या तारेनं खरवडून, रॉकेलनं धुऊन ती त्यांनी परत बसवली. मग झाकणाला नवी पॅकिंग घातली. ती त्यांनी घरून आणली होती.

मी चहा घेऊन आलो.

"चहा नोको. तुमच्यासाठी नाही केलं. तिले पुन्हा पडू द्यायचं नाही म्हून केलं."

हातही त्यांनी आपल्या नळावर जाऊन धुतले.

संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. खरं काय ते सांगितलं, आणि महिनाभर खोटं बोललो तेही.

"मले माहीत होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "चप्पल काळी होती न. तुम्ही मुद्दाम थोडंच सांडलं? जाऊ द्या, मी माफ केलं."

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "म्या नाही केलं."

दुसऱ्या सकाळी काका नेहमीसारखे आले. उकिडवे बसले. जमिनीवरून तळवा फिरवला. कोरडी होती. त्यांना आनंद झाला असं काही दिसलं नाही. ते उठले आणि गेले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. गाडीतून मात्र पुन्हा तेलाचा थेंब पडला नाही.

काकूंचं मनगट सरळ बसलंच नाही. पोळ्या लाटणं जमेना, तेव्हा मुलीनं दोघांना गोंदियाला बोलावून घेतलं. सामान भरलं त्या दिवशी मी मदतीला गेलो. मी उचललेली प्रत्येक वस्तू काकांनी माझ्या हातातून काढून घेतली.

पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी काका बसले, आणि दाराशी काकू. काकूंनी दार ओढून पाहिलं. त्या हाताला तेवढा जोर नव्हता. मी पुढं झालो. माझा हात दाराला लागायच्या आत काकांनी काकूंच्या अंगावरून हात लांबवला आणि दार ओढून घेतलं. काकूंची बोटं मध्ये येत नाहीत ना, एवढंच त्यांनी पाहिलं. माझ्याकडे नाही.