सूट मिळालेल्यांची यादी

ऑफिसातले सगळे त्याला टपालमास्तर म्हणत, कारण ईमेलचा सर्व्हर तो सांभाळायचा. सर्व्हर गोगलगायीसारखा चालायचा आणि शिव्या खायचा मास्तर. शेवटी त्यानं ठरवलं, दोन वर्षांहून जुन्या मेल रोज दुपारी अर्काइव्हमध्ये, म्हणजे वेगळ्या साठ्यात, हलवायच्या. एका वेळी किती मेलबॉक्स घ्यायचे, मध्ये सर्व्हरला किती दम खाऊ द्यायचा, हे आकडे तो महिनाभर जुळवत बसला. बायको म्हणाली, "एवढं लक्ष घरातल्या गळक्या नळाकडे दिलं असतंस तर!"

मग एकेक साहेब येऊ लागला. "मास्तर, माझ्या मेलना हात लावू नका हं, सगळ्या महत्त्वाच्या आहेत." एका बाईंनी तर अकरा वर्षांपूर्वी कुणाची तरी छत्री हरवल्याची सूचनाही जपली होती. नाही म्हणणं मास्तरच्या रक्तातच नव्हतं. त्यानं एकेकाचं नाव सूट मिळालेल्यांच्या यादीत टाकलं.

अर्काइव्ह सुरू झालं आणि आठ सेकंदांत संपलं. यादीबाहेर एकच मेलबॉक्स उरला होता, त्याचा स्वतःचा.

मोठ्या साहेबांनी फक्त वेळ पाहिली. "आठ सेकंद! याला म्हणतात काम!" मास्तरची पाठ थोपटतानाचा अवजड फोटो जोडून त्यांनी चारशे जणांना अभिनंदनाची मेल धाडली. ती गिळताना सर्व्हरनं मान टाकली.

सर्व्हर उठवल्यावर मास्तरनं ती मेल तीनदा वाचली. दोन वर्षांनी ती हलायला नको, म्हणून आपलंही नाव यादीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी अर्काइव्ह शून्य सेकंदांत संपलं.