आईची हाडं आणि ते जुनं ऑपरेशन

आज आईला खर्ड्याहून नगरला हाडांची घनता तपासायला नेलं. नुसत्या खोकल्याने तिची बरगडी मोडली होती. ती अजून पन्नाशीचीही नाही.

स्कॅनचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी विचारलं, "गर्भपिशवी काढलीय का? कधी?"

"लई तरनी हुते. ऊसतोडीत पाळीपायी खाडा नको म्हनून मुकादमच म्हनला, काढून टाक."

जुने कागद बघून त्या म्हणाल्या, "अंडाशयंही काढलीत. म्हणून हाडं इतक्या लवकर ठिसूळ झाली. तेव्हा कुणी सांगितलं नाही?"

"न्हाई बाई."

औषधं सुरू झाली. ओझं उचलणं बंद.

तुमच्याकडे कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना हाडांच्या तपासणीबद्दल नक्की विचारा.

आणि आईला काय सांगू? एसटीत बसल्यापासून एकच विचारतेय, "मंग आता तोडीला कशी जाऊ?"