फोममागचं पाणी

कल्पना करा, साठ वर्षांपूर्वीचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर, म्हणजे गाडीला जोडून न्यायचं फिरतं घर, तुमच्या अंगणात उभा आहे. एकेक रिव्हेट ड्रिलने उडवून आतला पत्रा तुम्ही उतरवलाय. मागून निघालेली काचेची लोकर ओली, काळी, उंदरांच्या मुताने घाण झालेली. ती पोत्यात भरून फेकलीत. आता सांगा, थंडी अडवायला त्या पोकळीत काय भराल?

अर्डिस क्वामचा अख्खा उन्हाळा या प्रश्नात गेला. दिवसा चीझच्या कारखान्यात पॅकिंग, संध्याकाळी आईचं जेवण, औषधं, आंघोळ, आणि उरलेल्या उजेडात ट्रेलर. बर्फ पडायच्या आत विस्कॉन्सिन सोडायचं आणि ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर हिवाळाभर कॅम्पची राखणदारी करायची, हे तिने पक्कं केलं होतं. तेवढे महिने आई धाकट्या भावाकडे, गेलनकडे राहणार होती. गेलन "बघू" म्हणाला होता. तिने ते 'हो' धरलं.

किनाऱ्यावर पाऊस थांबत नाही. म्हणून लोकर बाद. एकदा भिजली की ती वाळत नाही. उष्णता परतवणाऱ्या चंदेरी कागदापुढे हवेची फट लागते. पत्र्याला चिकटवला की तो नुसता शोभेचा. राहिले फोमचे ताठ तक्ते. ट्रेलरच्या सांगाड्याच्या फासळ्यांमध्ये कापून बसवायचे, गरज पडली तर काढायचे. पण आधी गळती शोधायला हवी होती. गेलन बाहेरून पाइपने पाणी मारत होता आणि ती आत थेंब दिसेल तिथे खडूने गोल काढत होती.

"अर्डे, हा ट्रेलर आहे की चाळणी?"

"तू पाणी मार. तोंड नको चालवू."

"अगं, फवाऱ्याचा फोम मारून टाक. माझा दोस्त बक हीच कामं करतो, अर्ध्या दिवसात करून देईल."

"फोमने पाणी थांबत नाही रे, लपतं. मग खालचं प्लायवूड कुजतं, आणि गळतंय कुठून ते शोधायचं कसं?"

"बरं बाई, तूच इंजिनियर."

डाव्या बाजूचे सांधे तिने बुजवले. दाराकडची बाजू राहिली होती. त्या शनिवारी ती ओव्हरटाइमला गेली.

परतली तेव्हा अंगणात बकचा ट्रक, चार मित्र आणि बिअरचे डबे. ट्रेलरच्या आत तळापासून छतापर्यंत पिवळा फोम फुगून दगड झाला होता. वायरी त्यातच गाडल्या गेल्या होत्या.

"सरप्राइज!" गेलन ओरडला.

तिने आत वाकून भिंतीला हात लावला.

"तोंड बघा हिचं! निदान थँक्यू तरी म्हण."

"थँक्यू, बक," ती म्हणाली. बकला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

इकडे माणसं न बोलावता येऊन तुमचं काम उरकून जातात, आणि मग त्यांना जेवू घालणं तुमच्याकडे येतं. अर्डिसने खिम्यावर बटाटे रचले, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि सगळ्यांना पोटभर वाढलं. आई कौतुकाने म्हणाली, "किती गुणी भाऊ आहे गं तुझा."

पुढच्याच पावसात दाराकडचं प्लायवूड ओलं झालं. तिने छिन्नी लावली, तर फोम पत्र्याला धरून बसलेला. चिमूट चिमूट निघत होता. एक वायर तुटली. छतालगतच्या कुठल्याशा सांध्यातून शिरलेलं पाणी फोममागून वाट काढत कुठेही उतरत होतं. हात रक्ताळले तरी वीतभरसुद्धा जागा मोकळी झाली नाही. मग बर्फ आला. तिने ऑरेगॉनला फोन करून नकार कळवला. त्यांना दुसरं जोडपं लगेच मिळालं.

रविवारी गेलन जेवायला आला. "पुढच्या वर्षी जा की," तो म्हणाला. "आईलाही तुझीच सवय आहे."

"पाइप तुझ्या हातात होता, गेलन. मी काय म्हणाले ते तू ऐकलं होतंस."

गेलनने घास संपवला आणि आईच्या ताटात बटाटे वाढले.  अर्डिसला त्याच्याकडून अजून एवढंच कळायचंय: ते मदत म्हणून केलंस, की मी इथून हलू नये म्हणून?