मेंढरं नसलेला माळ
मार्करचं टोपण काढलं की त्या उग्र वासाबरोबर माणदेशातला एक उघडा माळ आठवतो. आमच्या संस्थेने तिथल्या धनगरांना चराई कमी करण्याचं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्याचा परिणाम तपासायला दिल्लीहून एक तज्ज्ञ आले होते. मी त्यांची दुभाषी. त्यांच्या कागदावर चौकटी होत्या, प्रशिक्षण, मग समज, मग कमी चराई, शेवटी हिरवा डोंगर, आणि मधे बाण. याला ते ‘बदलाचा सिद्धान्त’ म्हणत आणि पोथीसारखा दोन्ही हातांनी धरत. पौषातली दुपार होती, मोज्यांत कुसळं रुतत होती आणि माळावर एकही मेंढरू नव्हतं. साहेबांचा चेहरा खुलला, त्यांनी तिसऱ्या चौकटीवर हिरवी खूण केली. सावलीत बसलेल्या म्हातारीला मी विचारलं, मेंढरं कुठं गेली? “आवं बाई, दिवाळी झाली की जात्यात न्हवं फलटणकडं, उसाच्या रानात बसवायला. लेंड्यांचं खत हुतंय. पाऊस लागला की येत्यात. ह्यास्नी म्हाईत न्हाई व्हय?” मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, असले हंगामी तपशील तक्त्यात बसत नाहीत. पाऊस लागल्यावर मेंढरं परतली आणि कोवळं गवत चार दिवसांत साफ झालं. तोवर अहवाल छापून झाला होता, त्यात म्हातारीचा फोटो होता, खाली ‘बदलाची साक्षीदार’. ती ओळ माझीच. आता तो तक्ता मी संस्थेतल्या नव्या लोकांना फळ्यावर मार्करने काढून शिकवते, आणि माळ दाखवायला त्यांना न चुकता पौषात नेते.