पिवळ्या पट्टीवरच्या स्कूटर

लोक भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर कशा टाकून जातात ते पाहिलं, की माणूस या प्राण्याचीच शिसारी येते. दुकानाच्या दारात आडवी, फुटपाथच्या उतारावर उताणी, हँडलला चघळून चिकटवलेलं च्युइंगगम. काम झालं की हे चालते होतात! त्या उचलून फुटपाथवर नीट लावणं ही माझी नोकरी.

लावल्या की कंपनीला फोटो पाठवायचा. रांग सरळ दिसली तरच काम मंजूर. त्यावर आम्ही लावणाऱ्यांनी युक्ती काढली होती. फुटपाथवर उंचवट्यांची पिवळी पट्टी असते ना, चाकं तिच्यावर ठेवायची. रांग कशी सुतात येते. ती पट्टी अंधांना काठीने वाट कळावी म्हणून असते हे मला ठाऊक होतं. पण माझ्या भागात अंध माणूस कधी दिसला नव्हता, म्हणून चालून गेलं.

आणि माझा सख्खा मामा अंध आहे! इस्पितळात टेलिफोनवर बसतो. एकतीस वर्षं एकटा जातो-येतो, काठी टेकत. कुणी हात धरायला आलं की म्हणायचा, "का हो, तुम्हाला भीती वाटतेय का?" मागच्या महिन्यात तो रस्त्यात पडलेल्या स्कूटरला अडखळला. मामीने निर्वाणीचं सांगितलं, "पुन्हा पडलात तर एकटं जाणं बंद."

मी त्या बेशिस्त लोकांना शिव्यांची लाखोली वाहिली आणि कंपनीकडून मामाचा रस्ता मागून घेतला. पहिल्याच सकाळी लोळणाऱ्या चौदा स्कूटर उचलल्या. मामा यायच्या आत रस्ता मोकळा करायचा होता. घाईघाईत, हाताच्या सवयीने रांग लावली, फोटो पाठवला आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळलो.

मागे धडाधड आवाज झाला. मामा जमिनीवर होता, कोपर सोललेलं. उभ्या राहिलेल्या स्कूटरची हँडलं तो एकेक करून चाचपत होता.

"मामा, मी आहे."

"या फेकलेल्या नाहीत रे," तो म्हणाला. "कुणीतरी मन लावून लावल्यात."

मला माझीच किळस आली. त्या च्युइंगगमवाल्यांची कधी आली नव्हती इतकी.

"मीच लावल्या."

 काठीची घडी करून त्याने ती पिशवीत ठेवली आणि माझा हात धरला.